उत्तरेकडची अमेरिका

पृथ्वीगोलावर दिल्लीच्या टिंबावर दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबून धरले आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणले, की दोरा पश्चिमेला जात नाही आणि पूर्वेलाही जात नाही. तो वर चढतो. हिमालय ओलांडतो, सैबेरियाच्याही पलीकडच्या गोठलेल्या समुद्रावरून जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ही वाट एकोणतीस सेंटिमीटर भरते.

अरुणाने दोरा पट्टीवर ठेवून दोनदा मोजला. गोल लेकीच्या, रुचिराच्या, शाळेच्या दिवसांतला होता. ‘आपण कुठे राहतो?’ असे विचारले की ती इतक्या हौसेने बोट ठेवायची, की दिल्लीचे टिंब झिजून पुसट झाले होते. आता रुचिरा दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि बुधवारी दुपारच्या विमानाने अरुणा तिच्याकडे निघाली होती. एकटी.

एकटी, कारण नवऱ्याचे, दिलीपरावांचे, ठरत नव्हते. दोन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून व्हिसा काढला होता. तो चांगला दहा वर्षांचा मिळाला होता. तेव्हापासून “बाबा, तू कधी येतोस?” या प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर होते, “बघू.” आधी गुडघे आडवे आले, मग सोसायटीची पाण्याची टाकी, मग घर कोण सांभाळणार हा प्रश्न. तो सुटावा म्हणून त्यांची मोठी बहीण द्वारकाताई साताऱ्याहून दिल्लीत पटपडगंजला येऊन राहिल्या, तरी ‘बघू’ जागचे हलले नाही. खरे कारण अरुणाला माहीत होते. पुण्याच्या दोन तासांच्या विमानातसुद्धा दिलीपराव खुर्चीचा हात घट्ट धरून बसत आणि दिलेले सँडविच न उघडता परत करत. बंद जागेत त्यांचा जीव घाबरा होई. हे त्यांनी कधी सांगितले नव्हते आणि तिने कधी विचारले नव्हते.

“बारा हजार चारशे किलोमीटर, भागिले नऊशे,” दिलीपराव म्हणाले. रस्ते-पुलांच्या सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावरही त्यांचा भागाकार चालू होता. “पावणेचौदा तास. आणि तिकिटावर सोळा छापलेत. सव्वादोन तास गेले कुठे?”

“वारा असतो. शिवाय विमान काही दोऱ्यावरून चालत नाही, वळसे घ्यावे लागतात.” अरुणाने हवामान खात्यात वरच्या थरांतल्या वाऱ्यांचे नकाशे वाचण्यात नोकरी घालवली होती.

“सव्वादोन तासांचा वारा?”

“मग पायलटला विचारा.”

“मी कशाला विचारू? मी कुठे जातोय?”

इथे संभाषण नेहमी थांबत असे. त्या रविवारी ते थांबले नाही, कारण द्वारकाताई पंचांग घेऊन बाहेर आल्या.

“बुधवार ना गं तुझा? छान. पश्चिमेला जायला बुधवारची काही अडचण नाही. अमेरिका पश्चिमेलाच ना?”

कोणीही शहाणा माणूस ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. पण समोर दोरा ताणलेला असताना अरुणाला खोटे बोलता येईना.

“तसं नाही ताई. विमान उत्तरेला जातं. हे बघा.”

द्वारकाताईंनी चष्मा लावून दोरा पाहिला, बोट फिरवून पाहिले आणि पंचांगाचे पान पुन्हा उघडले. त्यांचा चेहरा उतरला.

“मंगळ-बुध उत्तरेला दिशाशूल. म्हणजे त्या वारी त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. आणि तू पोरीच्या बाळंतपणाला निघालीस!”

“ताई,” दिलीपराव म्हणाले, “विमानतळ नैर्ऋत्येला आहे.”

“असेल. एस.टी. स्टँड ज्या बाजूला असतो, त्या बाजूला गावाला गेलो असं कोणी म्हणतं का?”

अरुणाने गुन्हा थोडा सौम्य करून पाहिला. “अगदी उत्तर नाही म्हणा. सोळा अंश पूर्वेकडे झुकतं.”

“सोळा अंशाने शूल टळत नाही,” द्वारकाताई म्हणाल्या. “पण काळजी करू नको. आपण सोमवारीच प्रस्थान ठेवू.”

प्रस्थान ही सोय जुन्या लोकांनी फार विचारपूर्वक केलेली आहे. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वस्तू फडक्यात बांधून जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला. खरा प्रवासी मागाहून निघतो आणि जाताना गाठोडे उचलतो. अट एकच, ठेवलेले प्रस्थान पुन्हा घरात आणायचे नाही.

“वस्तू कुठली ठेवायची?” सोमवारी सकाळी द्वारकाताईंनी विचारले. अरुणा तेव्हा शिंप्याकडे दुपटी आणायला गेली होती. “आपले अण्णा छत्री ठेवायचे. जिच्याशिवाय घरातून निघता येणार नाही अशी वस्तू लागते.”

दिलीपरावांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. “आजकाल अशी एकच वस्तू आहे. पासपोर्ट. ठेव तोच.”

हे ते उपरोधाने म्हणाले होते. पण द्वारकाताईंच्या घराण्यात उपरोध एकट्या दिलीपरावांनाच येत असे.

अकराच्या सुमारास त्या गाठोडे घेऊन खाली उतरल्या. सोसायटीत नेमके उत्तरेला पंपहाऊस होते आणि त्याच्यामागे सी ब्लॉकमध्ये मिसेस भल्ला राहत होत्या. पंपहाऊसमध्ये ठेवणे बरे दिसले नसते. द्वारकाताईंना हिंदी बेताचे येत होते, पण हातांची भाषा चांगली होती. “अरुणा का प्रवास,” त्या म्हणाल्या आणि आकाशाकडे हात केला. “उत्तर को रखने का. वापस घर में नहीं लाने का. बहुत शुभ.” मिसेस भल्लांनी डोक्यावर ओढणी घेऊन दोन्ही हातांनी गाठोडे स्वीकारले.

मंगळवारी सकाळी अरुणा विमानाचे चेक-इन करायला फोन घेऊन बसली. पासपोर्टचा नंबर हवा होता. कपाटाचा खण उघडला, तर खणात प्लॅस्टिकचे ते निळे पाकीटच नव्हते.

“अहो, पासपोर्ट कुठाय?”

“खणात.”

“नाहीये.”

“प्रस्थानात आहे,” स्वयंपाकघरातून द्वारकाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एखादे काम वेळेत उरकल्याचे समाधान होते. “दिलीपनंच सांगितलं.”

अरुणाने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने वर्तमानपत्राकडे पाहिले. ती चप्पल घालून सी ब्लॉकमध्ये गेली. भल्लांच्या दाराला कुलूप होते.

“पोटली? मेरे पास है जी, गोद में!” फोनवर मिसेस भल्लांचा आवाज आणि मागे रस्त्याचा गोंगाट. “मैं तो मायके जा रही हूँ, अंबाला. कल भतीजे के बेटे का मुंडन है. बहनजी ने कहा था ना, उत्तर में रखना है. मैंने सोचा, अंबाला तो और भी उत्तर में है! जितना आगे, उतना शुभ.”

शास्त्राच्या दृष्टीने त्या बाईंचे काहीच चुकले नव्हते. गाठोडे बरोबर दोऱ्याच्या वाटेने निघाले होते.

“भल्लाजी, उसमें मेरा पासपोर्ट है. कल की फ्लाइट है.”

मग गाडीतल्या कोणाला तरी जोरात, “ओए रोक! गाड़ी रोक!” मग पुन्हा फोनवर, “अरुणाजी, करनाल पहुँचे हैं. अभी वापस मोड़ती हूँ. आप मुरथल तक आ जाओ, ढाबे पर. और सुनो, पोटली मैं सिर्फ़ आपके हाथ में दूँगी. बहनजी की अमानत है.”

गाडी खालच्या मजल्यावरच्या केतनने काढली. केतन मूळचा पुण्याचा, आयटीतला, घरूनच काम करणारा. “काकू, चलो, दीड तासात मुरथळ. माझा एक कॉल आहे, तो मी गाडीतून घेतो, बिल्कुल टेन्शन नाही.” दिलीपराव न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी द्वारकाताईंबरोबर एकट्याने बसण्यापेक्षा ते बरे होते.

“पासष्ट किलोमीटर,” ते म्हणाले. “ताशी पंचेचाळीस धरा.”

ताशी पंचेचाळीस दिल्लीच्या वेशीजवळच्या मुकरबा चौकापर्यंत टिकले. तिथून पुढे कुठेतरी विटांचा ट्रक उलटला होता. गाड्या थांबल्या. मग ड्रायव्हर उतरले. मग शेंगदाणेवाले आले. यावरून अरुणाने ओळखले की हे लवकर सुटणारे नाही.

“हां, आय ॲम ऑन द कॉल,” केतन कानातल्या यंत्राशी बोलत होता. मग आवाज बंद करून, “काकू, चेक-इनला शेवटची वेळ काय?” मग पुन्हा, “यस, ॲब्सोल्यूटली, वी आर मूव्हिंग फॉरवर्ड.” गाडी तेव्हा एका जागी उभी होती.

“मी उपरोधाने म्हटलं होतं,” मागून दिलीपराव म्हणाले.

“माहीत आहे.”

“तिला कळायला नको?”

“तुम्हाला कळायला हवं होतं. सत्तर वर्षांची ओळख आहे तुमची.”

दिलीपराव म्हणाले, “तुझं विमान चुकलं, तर मी रुचीला काय सांगू?”

“सांगा, बघू म्हणून.”

हे तिच्या तोंडून निघून गेले. केतनने घाईघाईने कॉलमध्ये पुन्हा रस घेतला. दिलीपराव खिडकीबाहेर विटांकडे बघत राहिले. डावीकडे बस, उजवीकडे ट्रक, समोर टँकर. दार उघडायलासुद्धा जागा नव्हती. अरुणाने आरशातून सवयीने त्यांच्या हातांकडे पाहिले. हात मांडीवर मोकळे होते. अधूनमधून ते मनगटावरचे घड्याळ बघत होते, एवढेच. पासपोर्टच्या काळजीत ते घाबरायचे राहून गेले होते.

मुरथळला पोहोचायला चार तास लागले.

ढाब्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मिसेस भल्ला पाठ ताठ करून बसल्या होत्या. मांडीवर स्वच्छ ओढणी, ओढणीवर गाठोडे. शेजारी त्यांचा भाचा तिसऱ्या पराठ्यावर होता. त्यांच्या स्वतःच्या पुढ्यात नुसता चहा होता, तोही निवलेला.

“आपने कुछ खाया नहीं?” अरुणाने विचारले.

“खाती कैसे? हाथ जूठे हो जाते ना. पोटली पकड़ी थी.”

अरुणा त्यांच्या शेजारी बसली. पंचवीस वर्षे एका सोसायटीत राहून दोघींमध्ये दह्याच्या विरजणापलीकडे फारशी देवाणघेवाण झालेली नव्हती. आणि ही बाई आपला प्रवास अर्धा सोडून, कोणाचे तरी तांदूळ मांडीवर घेऊन, उष्ट्या हाताचा विटाळ नको म्हणून उपाशी बसली होती. ‘धन्यवाद’, ‘शुक्रिया’, ‘थँक यू’, तिन्ही शब्द अरुणाने मनात तोलून पाहिले आणि तिन्ही हलके भरले. तिने मिसेस भल्लांचा हात दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला.

“बस जी, बस,” मिसेस भल्ला म्हणाल्या. “बेटी की बात है. मेरी होती, तो आप नहीं आतीं?”

“आती,” अरुणा म्हणाली. आणि हे खरे आहे, याचे तिला स्वतःलाच जरा नवल वाटले.

मग आलू पराठे आले, वर लोण्याचे गोळे आले, आणि मिसेस भल्ला पहिल्यांदा जेवल्या. अरुणाने गाठोड्याची गाठ सोडली. तांदूळ, हळकुंडे, निळे पाकीट. पाकिटात पासपोर्ट होते. एक नव्हे, दोन.

“माझा कशाला आणलाय?” दिलीपराव म्हणाले.

“दोन्ही एकाच पाकिटात तुम्हीच ठेवता. रबर लावून.”

“मग बरोबर. चुकून आलाय.”

अरुणाने तांदूळ बोटाने बाजूला केले. निरीक्षण अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. “अहो, सुपाऱ्यासुद्धा दोन आहेत.”

दिलीपरावांनी वाकून पाहिले. सुपाऱ्या दोन होत्या. हळकुंडे दोन होती. अरुणाने पटपडगंजच्या घरी फोन लावला आणि तो टेबलावर सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

“ताई, पासपोर्ट मिळाले. पण सुपाऱ्या दोन का?”

“माणसं किती?” द्वारकाताई म्हणाल्या. “दोन. मग एक सुपारी कशी पुरेल?”

“ताई!” दिलीपराव फोनवर वाकले. “मी जाणार आहे असं कोणी सांगितलं तुला?”

“कोणीच नाही. तू दोन वर्षं सांगतच नाहीयेस, म्हणून मी ठेवलं. आता ते घरात परत आणायचं नाही, लक्षात ठेव. तुझं प्रस्थान झालंय.”

“आणि घर?”

“घराला काय धाड भरलीय? तू गेलास तर मला दिल्ली बघता येईल. तुला सांभाळत बसायला नाही आले मी इथं. भल्लाबाई मला कुतुबमिनार दाखवणार आहेत.” मिसेस भल्लांनी ‘कुतुबमिनार’ तेवढे ओळखून जोरात मान हलवली. “तुझी बॅग परवाच भरलीय. स्वेटर वर ठेवलाय. अरुणाचं विमान बर्फावरून जातंय ना.”

“काकू, मग आज हे गाठोडं ठेवायचं कुठे?” केतनने विचारले. “माझ्याकडे? पण माझं घर तर उत्तरेला नाही, तुमच्या खालीच आहे.”

“दिशा राहू दे आता,” फोनमधून उत्तर आले. “माणूस बरा आहेस, तेवढं पुरे.” आणि फोन बंद झाला.

भाच्याने चौथा पराठा मागवला. अरुणाने स्वतःच्या पासपोर्टचा नंबर फोनमध्ये भरला आणि बसायच्या जागांचा नकाशा उघडला. तिच्या शेजारची, कडेची जागा रिकामी दिसत होती. तिने फोन जरा डावीकडे सरकवला, जिथून दिलीपरावांना दिसेल.

दिलीपरावांनी चष्मा सारखा केला.

“सोळा तास,” ते हळूच म्हणाले.

“हो.”

“वाऱ्यामुळे.”

“वाऱ्यामुळे आणि वळशांमुळे.”

“काका, एक बोलू?” केतन म्हणाला. “तुम्ही आज चार तास माझ्या छोट्याशा गाडीत बसलात. ना पाय पसरायला जागा, ना बाथरूम, ना पाणी. हूं नाही की चूं नाही. विमानात निदान उठून फिरता येतं यार.”

दिलीपरावांनी त्याच्याकडे पाहिले. मग स्वतःच्या हातांकडे पाहिले, जणू ते चार तास कुठे होते हे त्यांना आत्ता आठवत होते. मग त्यांची नजर टेबलावरच्या लोण्यावर स्थिर झाली. अरुणाला ही नजर माहीत होती. आत भागाकार चालू होता.

“सोळा भागिले चार,” ते म्हणाले. “म्हणजे चार मुरथळ.”

“चार मुरथळ,” अरुणाने दुजोरा दिला. एकक नवे होते, पण हिशेब बरोबर होता.

“आणि जेवण देतात.”

“दोनदा. या वेळी सँडविच उघडा.”

दिलीपराव चमकले. तिला माहीत होते, इतकी वर्षे माहीत होते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले. त्यांचे कान लाल झाले. अरुणाने त्यांच्या ताटात लोणी वाढले आणि तो विषय तिथेच मिटवला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर रुचिरा. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण हल्ली तिला झोप लागत नसे.

“आई, झालं का चेक-इन? पासपोर्ट मिळाला? आत्यानं मेसेज केलाय, काहीतरी सुपारीचं लिहिलंय, मला काहीच कळलं नाही. आणि तू ढाब्यावर काय करतेस? तो मागे बाबा आहे का?”

अरुणाने फोन दिलीपरावांच्या हातात दिला. त्यांनी तो जरा लांब धरला, जसा ते नेहमी धरत. पडद्यावर थकलेला, सुजलेला, त्यांच्यासारख्याच कानांचा चेहरा होता. मिसेस भल्लांनी घास हातातच धरला.

“बाबा? तू पण ढाब्यावर? तू तर कुठेच जात नाहीस!”

दिलीपरावांनी गाठोड्यातल्या दोन सुपाऱ्यांकडे एकदा पाहिले.

“रुची,” ते म्हणाले, “मी येतोय.”